आप देखे या सुने?

बरकतपुरा, हैदराबाद
फेब्रुवारी १९४९

प्रिय अनंता,

तुझं पत्र पोचलं. पुण्याच्या थंडीचं कौतुक आणि खानावळीच्या आमटीची तक्रार, दोन्ही वाचून आईला बरं वाटलं. तक्रार करतोस म्हणजे तब्येत उत्तम, असं तिचं शास्त्र आहे. थंडीत तुझा उजवा हात दुखतो का, ते मात्र तू लिहिलं नाहीस. इथे सगळे सुखरूप आहेत. हे आधीच लिहिते, कारण पुढे मोटारीच्या अपघाताची हकीकत आहे आणि तू अर्धं वाचून तार करायला धावशील.

आपला ड्रायव्हर गावी गेला तो परतलाच नाही, म्हणून बाबांनी बेबी ऑस्टिन स्वतः चालवायला घेतली आहे. ते मोटार चालवतात ती कोर्टात उलटतपासणी घ्यावी तशी, समोरच्याला बोलायची सवडच ठेवत नाहीत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आम्ही कोठीच्या बाजाराला निघालो होतो. आई पुढे, मी मागे. बाबा दुकानांच्या पाट्या वाचत होते आणि आई त्यांना समोर बघायला सांगत होती. तेवढ्यात गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडले आणि आपल्या मोटारीचा धक्का बसून खाली पडले. करीममियाँ त्यांचं नाव, पुस्तकबांधणीचं काम करतात. पाय मोडला होता बिचाऱ्यांचा. बाबा उतरून त्यांच्याजवळ बसले आणि विखुरलेले कागद गोळा करू लागले.

मग माणसं जमली. वकिलाने मुद्दाम अंगावर घातली, असं एकजण म्हणाला. म्हाताराच मुद्दाम आडवा आला, असं दुसरा म्हणाला. आपल्याकडे सध्या दिवस कसले आहेत ते तुला सांगायला नको. पाचसहा महिन्यांपूर्वी, पोलीस कारवाईच्या वेळी, काय काय होऊन गेलं, ते कुणीच विसरलेलं नाही. दोन्हीकडच्यांनी बाह्या सरसावल्या. आईने माझा हात घट्ट धरला होता.

आणि अशा वेळी सायकलवरून आले कोण, तर गुलाम दस्तगीर. तेच आपल्या नाक्याचे अमीन, तुमच्या पुण्याच्या भाषेत फौजदार. तिरंगा लावलास म्हणून तुला पकडून नेलं तेच. तुझा हात मोडला म्हणून आई ज्यांना रोज दिवेलागणीला शिव्याशाप देते, ते. बाबांचा चेहरा उतरला. करीममियाँ त्यांच्या धर्माचे आणि आम्ही तुझ्या घरचे. आता सगळं वसूल होणार असंच आम्हां तिघांना वाटलं.

त्यांनी बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी टांगा थांबवला, करीममियाँना स्वतः उचलून आत ठेवलं, पायाला आधाराची फळी बांधायला लावली आणि शिपाई बरोबर देऊन दवाखान्यात धाडलं. मग मोटारीच्या चारी चाकांभोवती खडूने रेघा ओढल्या आणि गर्दीला रेघांच्या बाहेर उभं केलं. आईला पाणी मागवलं. तिने पदर तोंडाला लावून मान फिरवली. त्यांनी पेला तिच्याजवळ ठेवून दिला.

त्यानंतर एकेकाला बाजूला घेऊन विचारायला लागले. त्यांची एकच अट होती, "आंखों से देखे सो बोलो, सुने सो नक्को." मुद्दामवाले दोघेही एवढ्यावरच गळाले, कारण दोघेही मागाहून आले होते. बाबांनी मात्र हॉर्न वाजवल्याचं ठासून सांगितलं आणि जाताजाता आईच्या कानातही तेच घातलं. आईची पाळी आली. तीही ठासून म्हणाली, हॉर्न वाजला. अमीनसाहेबांनी अगदी अदबीने विचारलं, "अम्मा, आप सुने या वकीलसाब बोले?" आपली आई. ती सरळ म्हणाली, "यांनी सांगितलं." मग अमीनसाहेबांनी मोटारीत हात घालून हॉर्न दाबला. हूं नाही की चूं नाही. तो कधी बिघडला होता देव जाणे. आधी एक भाजीवाली हसली, मग सगळा रस्ता हसला, आणि बाह्या सरसावलेले लोक आपापल्या वाटेने गेले. आईने तेव्हा पेल्यातलं पाणी प्यायलेलं मी पाहिलं.

बाबांना दंड झाला, तो त्यांनी निमूट भरला. अमीनसाहेबांनी वकिलाची भीड धरली नाही, तसं एक अक्षर वाढवूनही लिहिलं नाही. करीममियाँ आता कुबड्या घेऊन हिंडतात. बाबा दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसतात आणि कायद्याची जुनी पुस्तकं बांधून आणतात. घरात आता धड पुस्तकांनाही नवे पुठ्ठे चढताहेत. आईचे शिव्याशाप थांबलेले नाहीत, पण हल्ली ती ते पुटपुटते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते लिहिते. निजामाच्या अमलातल्या अंमलदारांची चौकशी चालू आहे. दस्तगीरांवर मुख्य आरोप तुझ्या हाताचा आहे. मोहल्ल्यातल्या सातआठ जणांनी तसं लिहून दिलं आहे आणि पुढच्या महिन्यात बाबाही तशीच साक्ष देणार आहेत. दस्तगीरांची नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. तू तेव्हा गच्चीवर मला एकटीला सांगितलं होतंस की पळताना वाचनालयाच्या भिंतीवरून पडलास, आणि कोठडीत टाकण्याआधी त्यांनीच तुला हाड बसवणाऱ्या पहिलवानाकडे नेलं. तू कुणाशी खोटं बोलला नाहीस. हात अमीनसाहेबांनी मोडला असं लोकांनी परस्पर ठरवलं, हार घातले, आणि तू विशीचा पोर मान खाली घालून उभा राहिलास. माझ्या मनात त्याचा राग नाही. मला तुझा अभिमान होता, आजही आहे. झेंडा तर तूच लावला होतास. मी आजच बाबांना सगळं सांगितलं असतं. तीनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेही. पण ते वकील आहेत आणि त्या दिवसापासून पुरते अमीनसाहेबांचे शिष्य झाले आहेत. मला पहिला प्रश्न काय येणार ते मला ठाऊक आहे, आणि अनंता, मी फक्त ऐकलं आहे. पाहिलं आहे ते तू. तेव्हा गाडीत बस आणि ये.

वाट बघणारी,
तुझीच
विमलताई