गुरुवारच्या व्याख्यानातली चिठ्ठी

ती. बाळासाहेबदादास,

सुरेखाचा वाकून नमस्कार (इथल्या थंडीत कंबर वाकते तेवढाच). गुडघा कसा आहे? वहिनी तेल लावते म्हणून सांगू नकोस, डॉक्टरकडे जा. इथं ख्राइस्टचर्चला आम्ही दोघं धडधाकट. पण उद्या मंगळवारी दहाला मला कमिटीने बोलावलंय. बहुतेक मी सांभाळते त्या गावच्या हॉलची किल्ली काढून घेतील. या देशात घर भाड्याचं, गाडी ह्यांच्या नावावर. माझ्या हातात म्हणून काय, तर ती किल्ली.

झालं असं. दीडशे वर्षांपूर्वी इथं एक प्रोफेसर होता. दर गुरुवारी संध्याकाळी गावाला इंग्रजी कविता समजावून सांगायचा, फुकट. सुतार, धोबिणी, दुकानदार चिखल तुडवत ऐकायला यायचे म्हणे. त्याच्या वह्या सापडल्या, तर आता पेटिग्रू नावाचे रिटायर्ड मास्तर (वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत, घड्याळाशी वैर) त्या आमच्या हॉलमध्ये वाचतात. माणसं अकरा. बारावी मी, तीही खुर्च्या रचून कुलूप लावायचं म्हणून. मला गोष्ट असली तर तेवढी कळते, बाकी ओ की ठो नाही. आठला संपवायचं ठरलेलं, आणि साडेआठची बस चुकली की तासभर थंडीत उभं राहायचं. (ह्यांची साइटवर सेकंड शिफ्ट, मला न्यायला कोण येणार?) पाच गुरुवार बस चुकली. सहाव्याला डोकं फिरलं.

तुला आठवतं ना, आपल्या बार्शीच्या व्याख्यानमालेत वक्ता आवरेना की बाबा सतरंजीच्या कडेने वाकून जायचे, टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि त्याखाली चिठ्ठी. वक्ता मनात वाचून आवरतं घ्यायचा. कुणाला पत्ता लागायचा नाही. मी तसंच केलं. ‘टाइम फिनिश. प्लीज गो होम. सुरेखा.’ एवढं लिहायला पाचवीपर्यंतची शाळा पुरते. पण इथं ही रीत कुणाला ठाऊक? कवितेत एक कोळीण खिडकीत दिवा घेऊन बसलेली, तुफानात नवऱ्याची होडी नुकती दिसायला लागलेली, आणि मास्तरांनी माझी चिठ्ठी वहीतलंच पान समजून त्याच सुरात मोठ्याने वाचली. सहीसकट. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळेसुद्धा पुसले. मग मास्तर थांबले. चिठ्ठी उलटीपालटी केली. चष्मा काढला, वही मिटली आणि खाली बसले रे. सेक्रेटरी जिलियनबाई मला एवढंच म्हणाल्या, “सुरेखा, ट्यूजडे. टेन ओक्लॉक.”

बस मिळाली, पण काय उपयोग? म्हाताऱ्या माणसाला भरसभेत खाली बसवलं मी. बाबांनी कधी कुणाचा असा पाणउतारा केला नव्हता. जाईना का किल्ली. मला कवितेचं काय करायचंय?

तुझी,
सुरेखा

ता. क. पत्र पोस्टात टाकायचं राहिलं आणि मंगळवार होऊन गेला. कमिटीच्या टेबलावर माझी चिठ्ठी होतीच. मास्तरांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाबांचं सगळं सांगितलं. मग मास्तर म्हणाले, त्या प्रोफेसरच्या वहीत लिहिलंय, रखवालदार दिवे मालवायला लागला की तो थांबायचा. किल्ली राहिली. फक्त चिठ्ठी नको, घंटी वाजव म्हणाले.

ता. क. २. म्हणून खरं काम. व्याख्यान सुरू करताना बाबा वाजवायचे ती पितळी घंटी वहिनीच्या देवघरात आहे, ती पाठव. वहिनी कुरकुरेल. तिला दुसरी घेऊन दे.

ता. क. ३. पण घाई करू नकोस. येत्या गुरुवारी मास्तर ती कविता पहिल्यापासून वाचणार आहेत. बस गेली खड्ड्यात. होडी काठाला लागते का, ते मला कळलं पाहिजे.