दंडाला बांधलेलं इष्टलिंग

पुणे, १२ जुलै १९९६

रुद्रेशा,

तुझी माय अजून जित्ती हाय, म्हणून लिवते.

"कॅन्सर तो कॅन्सर, कोणता हे बघून काय करायचं?" म्हणालास. वर मलाच धर्म शिकवलास, तपासणीच्या मशीनसाठी गळ्यातलं इष्टलिंग काढलं तर पाप लागंल. पन्नास वर्सं पूजा मी केली, अन् पाप तुला कळलं!

एमआरआयवाली बाई म्हणाली, "आजी, आत धातू चालत नाही." मी चांदीची डबी तुझ्या लेकीच्या, शिवकन्येच्या हातात दिली अन् आतलं लिंग फडक्यात गुंडाळून दंडाला बांधलं.

"ह्यात काय आहे?"

"दगड. माझ्यासारखाच."

त्या बाईनं डॉक्टरांना विचारलं अन् मला जाऊ दिलं. आत लई ठोकाठोकी चालली, पर मी हलले न्हाई.

डॉक्टरांना दोन कॅन्सरांत संशय होता. फोटोत हाडाच्या मगजात सुटे सुटे डाग दिसले, तवा कोणता ते ठरलं. ह्याचं औषध येगळं हाय, अन् त्यानं दिवस मिळत्यात.

तू जंगमस्वामींना माझ्या मातीसाठी सांगून ठेवलंस म्हणं. त्यांना जेवायलाच बोलाव, पोळ्या मी लाटते.

हे पत्र टाकत न्हाई. दिंद्रुडला येऊन तुझ्यापुढं बसून वाचीन.

तुझी माय,
शिवकांता