सौम्य हिवाळ्याचा अंदाज

२ नोव्हेंबर
पोचलो. हवामान कचेरी लहान, खिडक्या मोठ्या, चहा बरा. थोरल्या ताईचे यजमान, म्हणजे दाजी, इथले प्रमुख. त्यांच्याच वशिल्याने या वयात मला खुर्ची मिळाली. राहायलाही त्यांचंच घर. इथली रीत अशी की हिवाळ्याच्या अंदाजावर सगळ्यांत नव्या माणसाने सही करायची. मान असतो म्हणे. मान माझ्याकडे पहिल्यांदाच आपण होऊन आला. नाही कसं म्हणणार?

९ नोव्हेंबर
अंदाज लिहिला. महासागराचं पाणी काही दशकं तापत जातं, काही दशकं निवत जातं. सध्या तापायची पाळी, म्हणून हिवाळा सौम्य. मी आणखी एक परिच्छेद घातला होता: ध्रुवाकडचा समुद्री बर्फ यंदा फारच कमी, उघड्या पाण्याची ऊब वर चढली, तर थंडीला तिकडे कोंडून ठेवणारे वारे ढिले पडतील आणि ती थंडी आपल्या अंगावर सांडेल. दाजींनी हसत तो खोडला. म्हणाले, अरे, लोकांना एक वाक्य हवं असतं, तू व्याख्यान झोडतोस. सही ठोकली.
शेजारच्या काकूंनी कोळसा भरू का विचारलं. मी ऐटीत म्हटलं, कशाला उगाच.

२८ नोव्हेंबर
ताई-दाजी लग्नाला म्हणून दक्षिणेकडे गेले. सोबत सगळ्या रजया, शेगडी आणि कोळशाचं पोतं. आहेर म्हणून देणार असतील. हसू आवरेना.

११ डिसेंबर
वारे ढिले पडले. दुपारी जेवता जेवता पेल्यातलं पाणी गोठलं. दाजींना फोन केला. समुद्री बर्फ कमी असल्याचं त्यांना उन्हाळ्यापासूनच ठाऊक होतं. कुणाची तरी सही लागणारच होती, म्हणाले. परक्याची कशी घ्यायची? मग ताईने फोन घेतला. स्वेटर घातलास ना, एवढंच विचारलं.

१४ डिसेंबर
रस्ते बंद. दाजींच्या खुर्च्या चुलीत घालतोय, तेवढंच समाधान. सकाळी काकू आल्या. आत घेतलं. बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघते. त्यांच्या — नाही.

१५ डिसेंबर
पोस्टमन आला. बेकरीवालाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं — नुसते बसतात. पापण्यांवर बर्फ. चूल विझली, तरी उठत नाहीत. चुलीसाठी आलेच नव्हते —

१६ बहुतेक
काकूंनी माझा डावा हात धरलाय. खांद्यापर्यंत बधिर. सांगितलं त्यांना, मी लिहिलं होतं हो, दाजींनीच खोडलं — मान डोलावतात, मायेने. सोडत नाहीत.
लिहायचा हात अजून गरम आहे. पोस्टमन त्याच्याकडे बघ—