मनोऱ्यावरून दिसणारे सात पूल

ती. ताई,

वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात बसूनच करते आहे. सून ऑफिसला गेली आहे आणि वाकले तर मला परत सरळ करायला घरात कोणी नाही.) तुझी सर्दी कशी आहे? सर्दीमुळे तुला शहरात यायला जमणार नाही असं भाऊजींनी फोनवर फार गंभीर आवाजात सांगितलं. पाच मिनिटांनी त्यांनीच कबूल केलं की सर्दी-बिर्दी काही नाही, डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली आहे, आणि काठी टेकत चारचौघांत जाणार नाही म्हणून तू ती कपाटामागे लपवून ठेवली आहेस. त्यांच्यावर चिडू नकोस. या माणसाला खोटं पाच मिनिटांपुढे पेलत नाही हे तू लग्नाआधी पाहून घ्यायला हवं होतंस. असो. ‘तू जा, माझ्या वाटचंही खा, मनोऱ्यावर चढ आणि सगळं लिहून कळव’ या तुझ्या हुकुमानुसार मी मंगळवारी एकटीच शहर पाहून आले. फोनवर तू मध्येच तोडतेस, म्हणून हे पत्र.

पहिल्या गाडीने गेले. उतरल्याबरोबर आपलं ते काचेच्या छताचं चहाघर गाठलं. आहे गं अजून! छत तेच, खुर्च्या बदलल्या आहेत. नव्या खुर्च्यांत बसलं की माणूस आत जातो आणि टेबल हनुवटीपर्यंत येतं. मी समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवली आणि सवयीने सांगून बसले, दोन चहा, दोन केक. वाढणारी मुलगी दोन्ही बशा घेऊन आली आणि पिशवीकडे पाहत राहिली. मी म्हटलं, येतीलच आमच्या ताई. मग काय करणार? पानात टाकायचं नाही ही आपल्या शाळेतल्या सिस्टरांची शिकवण, त्यामुळे आधी माझा केक खाल्ला आणि मग तुझा. (तुझा जास्त चांगला होता. लहानपणीही तुझाच असायचा.) बिल देताना ती मुलगी हळूच म्हणाली, “आजी, तुमच्या ताईंनी चांगलंच ताटकळत ठेवलं हो तुम्हाला.” मी म्हटलं, “पहिल्यापासूनच तशी आहे ती.” तुझं नाव विनाकारण खराब केल्याबद्दल क्षमस्व.

तिथून निघाले ती मनोऱ्याकडे. चालता चालता आपली शाळेची सहल आठवत होती. दोन-दोनची रांग, हातात हात, तू पुढच्या जोडीत आणि मी अगदी शेवटी, म्हणून सगळी शाळा मला शेपूट म्हणायची. मनोऱ्याच्या दाराशी पोचल्यावर शिवणाच्या सिस्टरांना माझ्या मोज्याचं भोक दिसलं आणि ‘फाटक्या मोज्यांनी उंचावर जायचं नाही’ असा निकाल लागला. (मोज्यांचा आणि उंचीचा संबंध मला आजतागायत कळलेला नाही.) तेव्हा तू रांगेतून बाहेर आलीस, म्हणालीस, “मग मी पण नाही जात,” आणि तासभर माझ्याबरोबर खालच्या पायरीवर बसलीस. वर गेलेल्या मुली वर्षभर त्या देखाव्याचं वर्णन करत होत्या. तू एकदासुद्धा बोलून दाखवलं नाहीस.

हे सगळं डोक्यात, त्यामुळे समोर रांग दिसताच मी शेवटी जाऊन उभी राहिले. तुला आपली शिस्त ठाऊकच आहे: रांगेत बोलायचं नाही, पुढे काय आहे ते विचारायचं नाही, बाई नेतील तिकडे जायचं. इथेच घोटाळा झाला. हातात वही धरलेली एक बाई आली, माझ्या पदराला बिल्ला लावला, “चला, चला, उशीर झालाय,” म्हणाली, आणि आम्हाला मागच्या जिन्याने वर नेलं. मला वाटलं, मनोऱ्याचा जिना. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तर समोर छत्र्या, टोप्या आणि काठ्या! ते शेजारचं मोठं दुकान होतं. सेलच्या आठवड्यासाठी कामाला घेतलेल्या नव्या बायकांचा तो पहिला दिवस होता आणि मी त्यांच्यात सामील झाले होते. मी सांगायला गेले की अहो, माझा काहीतरी... पण वहीवाल्या बाईंनी ऐकलंच नाही. “वयस्क, अनुभवी अशीच बाई मागितली होती आम्ही. इथे उभ्या राहा, हसतमुख राहा, टेकू नका.” ताई, ‘टेकू नका’ असं त्या आवाजात कोणी म्हटलं की मी अजून ताठ होते. राहिले उभी.

आणि खरं सांगू? मजा आली. दोन छत्र्या खपवल्या. एका गृहस्थांना टोपी घेऊ दिली नाही, कारण त्यात ते नुकतेच आजारातून उठल्यासारखे दिसत होते. त्यांनी माझे आभार मानले, वहीवाल्या बाईंनी मानले नाहीत. मग एक म्हातारे आले. बराच वेळ काठ्यांपाशी घुटमळले. बायकोसाठी हवी होती, पण ती म्हणते, काठी घेऊन बाहेर पडण्यापेक्षा मी घरातच बरी. सहा महिने झाले, बागेपर्यंतसुद्धा येत नाही. हे सांगताना ते काठ्यांकडेच बघत होते. मी काय बोलते आहे हे कळायच्या आत बोलून गेले, “मग एक नका नेऊ. दोन न्या. एक तुम्ही धरा.” ते म्हणाले, “पण मला गरज नाही हो काठीची.” मी म्हटलं, “त्यांना कशाला सांगायचं?” ते इतके हसले की शेजारच्या टोप्यांच्या ढिगाला धक्का लागून तो खाली आला. दोन्ही काठ्या खांद्यावर टाकून गेले, एखाद्या तरुण शिपायासारखे. ते जिना उतरेपर्यंत मी बघत होते.

तेवढ्यात माझ्या बिल्ल्याची खरी मालकीण धापा टाकत हजर झाली आणि माझी नोकरी गेली. वहीवाल्या बाई आधी लालबुंद झाल्या, मग म्हणाल्या, “तुम्ही उद्या येता का?” (तुझ्या जावयांना सांग. निवृत्तीनंतर मावशींना कोणी विचारत नाही म्हणतात, त्यांना.)

त्यानंतर मनोऱ्यावर गेले. काय वर्णन करू! सगळं शहर पायाशी. नदी चांदीच्या पट्टीसारखी, तिच्यावर सात पूल, डाव्या हाताला स्टेशनचं घड्याळ, उजवीकडे बागेची हिरवी चौकट, आणि घरं काडेपेट्यांएवढी. वारा मात्र बेताचा होता. बघून धन्य झाले. संध्याकाळच्या गाडीने घरी. एकूण दिवस फार सुखाचा गेला आणि तुझी अजिबात उणीव भासली नाही.

भाऊजींना नमस्कार, आणि त्यांना बोलू नकोस.

तुझी,
शेपूट

ता. क. तुझ्या यादीतली निळी लोकर मिळाली नाही. काठी मिळाली. माझ्यासाठी घेतली, त्याच दुकानातून, वाकड्या मुठीची. गुडघा माझाही दोन वर्षांपासून दुखतो आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच मोठ्या बहिणीसारखी वागायला लागतेस. (माझी काठी छत्र्यांच्या स्टँडमध्ये आहे. कपाटामागे जागा नव्हती.)

आ. ता. क. मनोऱ्यावर मी गेले नाही. सात पूल मी चित्राच्या कार्डावर मोजले; कार्ड सोबत पाठवते आहे, तूही मोजून घे. दारापर्यंत गेले होते. मोजे धड होते, लिफ्ट आहे, लिफ्टमध्ये बसायला बाकसुद्धा आहे. पण त्या पायरीपाशी आले आणि मला काही एकटीने आत शिरवेना. तासभर तिथेच बसले. पायरी पूर्वीपेक्षा बरीच खाली गेली आहे, उठताना कळलं.

आणखी एक. येत्या मंगळवारची मनोऱ्याची दोन तिकिटं काढली आहेत. तुझी काठी आण, माझी असेलच. नाही म्हणायचं असेल तर पत्राने म्हणू नकोस आणि भाऊजींना फोन करायला लावू नकोस. मनोऱ्याखाली येऊन माझ्या तोंडावर म्हण. मी रांगेत अगदी शेवटी उभी असेन.