सटवाईचं पेन

३ जून

सुखरूप पोहोचलो. भोसरीच्या खोलीला कुलूप लावल्यापासून ड्रेस्डेनच्या विमानतळावर मल्हार दिसेपर्यंत पासपोर्टाच्या खिशावरचा हात काढला नव्हता. मल्हार म्हणाला, बाबा, आता तरी काढा, इथे तुमचा पासपोर्ट घेऊन कोण काय करणार. घरी सून मैथिली दिवस भरलेले असूनही दारात उभी. भाकरी नव्हती, म्हणून इथल्या काळ्या पावाचा तुकडा ओवाळून टाकला. इतका वेळ उभं राहू नये, म्हणून रागावलो. ती हसून म्हणाली, बाबा, चपला तरी काढा, मग रागवा.

घर चौथ्या मजल्यावर आहे. बाल्कनीतून एल्ब नदीची एक पट्टी दिसते. खरं तर मैथिलीची आई यायची होती, पण विहीणबाईंचा पाय मोडला. बाळंतपणातलं मला काय कळतं? मल्हार म्हणतो, घरात आपलं माणूस असलं की पुरे.

नऊ वाजले तरी बाहेर ऊन. मल्हारनं खिडक्यांवरचे जाड पडदे खाली ओढले. त्यांना रोललाडन म्हणतात. तेव्हा कुठे रात्र झाली. कुसुम गेल्यापासून बोलायला कोणी नाही, म्हणून निजण्याआधी चार ओळी लिहितो. पेन एकच आणलं आहे, निळं. संपलं तर इथे कुठे शोधायचं, ही काळजी आहेच.

७ जून

काल नात झाली. दोघी ठीक. पोरीचे कान अगदी कुसुमचे.

दवाखान्यात जन्मदाखल्यासाठी लगेच नाव मागितलं, मल्हारनं ऊर्जा लिहून दिलं. बारशाआधीच नाव कागदावर! मी एवढंच म्हणालो, की आधी सटवाई कपाळावर लिहिते, मग आपण लिहायचं. मल्हार म्हणाला, सटवाईकडे इथलं ओळखपत्र नसलं तर तिला इमारतीत कोणी घेणार नाही. मैथिलीला टाके दुखेपर्यंत हसू आलं. मीही हसलो. पण मनात राहिलं.

९ जून

मायलेकी घरी आल्या. इथे सुईण घरी येऊन बघते. फ्राऊ लिंडनर नाव, उंच आणि शांत बाई. टाळू भरायला मी तेल कोमट करून ठेवलं होतं. तिनं लगेच हात वर केला. मल्हारनं समजावलं, की तिथे हाड अजून जुळलेलं नाही, कातडीखाली थेट मेंदू. बोट टेकवा हवं तर, दाबू नका. टेकवलं. मऊ, गरम, आणि आत धडधड. घाबरून बोट काढून घेतलं.

मल्हारचे डोळे लाल झाले आहेत, मैथिली बसल्या बसल्या पेंगते. फ्राऊ लिंडनर म्हणाली, की या दिवसांत औषधाइतकीच झोप मोठी. मी म्हटलं, मग रात्र माझ्याकडे द्या. दूध पाजून झालं की पाळणा हॉलमध्ये आणा. तीस वर्षं कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर थर्ड शिफ्ट केली आहे, मला जागण्याचं काय? मैथिलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलाही काही उपयोग आहे, असं वाटलं.

थर्ड शिफ्ट म्हटलं की शरद आठवतो. शेजारच्या प्रेसवर होता. पहाटे उघड्या डोळ्यांनी झोपला आणि दोन बोटं गेली. दवाखान्यातसुद्धा शपथेवर सांगत होता, मी जागा होतो, हात मागे घेतलेला मी स्वतः पाहिला. कुठली आठवण कुठे येते!

११ जून

आज सहावी रात्र, सटवीची पूजा. पाटा-वरवंटा नाही, म्हणून सकाळी एल्बच्या काठावरून एक गुळगुळीत गोटा उचलून आणला. कुणी ओरडेल का, या भीतीनं पिशवीत लपवून. धुराची घंटा वाजेल म्हणून मल्हारनं खऱ्या दिव्याऐवजी बॅटरीचा दिवा दिला. तो चालतो का, कुणाला विचारू? ताटात हळदकुंकू, कोरा कागद आणि माझं पेन ठेवलं. सटवाई येऊन त्या पेनानं लिहिते. काय लिहिते ते दिसत नाही, पण सगळा जन्म तसा जातो. तोवर घरातल्यांनी जागायचं.

मल्हारच्या वेळी दहा बायका जमल्या होत्या, गाणी, थट्टा. कुसुमनं मला बाहेर काढलं होतं, म्हणाली, तुम्ही उभ्या उभ्या झोपाल. आज मी एकटाच. गेल्या दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. आता पापण्या फारच जड झाल्या, म्हणून ताटातलं पेन घेऊन हे लिहितो आहे. लिहिताना माणूस झोपत नाही. मी जागा आहे. मी जागा आहे. मी

१२ जून

झोपलो.

उजाडलं तेव्हा वही मांडीवर आणि पेन माझ्या मुठीत. ताट रिकामं. म्हणजे ती आली आणि तिला पेन मिळालं नाही. पोरीचं कपाळ कोरं राहिलं. की दुसऱ्या कशानं तरी लिहून गेली?

मल्हारला सांगितलं. आधी हसला, मग माझा चेहरा बघून म्हणाला, कोरं असलं तर चांगलंच की बाबा, स्वतःचं स्वतः लिहील ती. शिकलेल्या माणसाचं बोलणं ऐकायला छान असतं. पण कोऱ्या कपाळाचं माणूस जगतं का, हे त्याला तरी कुठे ठाऊक आहे?

ती परत येईल. बारसं सतराला. तोवर रोज रात्री ताट मांडायचं, पेन ताटातच ठेवायचं, आणि डोळा लागू द्यायचा नाही. आली की हात जोडून सांगेन, चूक माझी, पोरीची नाही.

१३ जून

दिवसाही पडलो नाही. एकदा पडलो तर उठणार नाही, ही भीती. चहात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि मैथिलीनं सांगेपर्यंत तो पीतही होतो.

फ्राऊ लिंडनर आज पोरीपेक्षा माझ्याकडेच बघत होती. मल्हारनं तिचं बोलणं सांगितलं. झोप तुटली की नसलेलं दिसतं आणि असलेलं दिसत नाही. आपण किती थकलो, हेही कळत नाही. या अवस्थेत पोरीला घेऊन बसू नका. मी म्हटलं, तिला सांग, मी जागा आहे, पाळणा हॉलमध्येच राहू दे.

संध्याकाळी चहा ओतला. मग तो थंड होता. मधे काहीच नव्हतं.

१४ जून, रात्री

आली.

ताटापाशी बसली आहे, पाठमोरी. ताटात हात फिरवते, आंधळं माणूस फिरवतं तसा. पेन शोधते आहे.

पेन माझ्या हातात. मी कधी उचललं? द्यायला जातो तर मूठ उघडत नाही—

लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी खरं-खोटं कळेल. मी जागा आहे. मी जागा          . मी जागा आहे.

१५ जून

मैथिलीच्या किंकाळीनं भानावर आलो. पाळण्यापाशी उभा होतो. पोरीच्या कपाळावर निळ्या शाईत एक वाकडा शब्द, ‘आहे’.

वही उघडली. कालच्या ओळीत तेवढाच शब्द नाही. जागा सोडलेली.

अक्षर माझं आहे. सातवी पास माणसाचं जाड अक्षर. म्हणजे तिनं माझं अक्षर उचललं. दुसरं काय असणार?

मैथिलीनं कोमट पाण्यानं कपाळ पुसलं, माझ्याकडे बघितलंही नाही. मल्हारनं पेन खिशात घातलं. मग माझ्याजवळ बसला, पाठीवर हात ठेवला. म्हणाला, मी रागावलो नाही बाबा, तुम्ही आमच्यासाठी जागलात, आता फक्त झोपा. पाळणा आज त्यांच्या खोलीत.

हे पेन्सिलीनं लिहितो आहे. खोलीच्या दारापाशी जमिनीवर बसून. आत चाचपडण्याचा आवाज येतो—

१६ जून, दुपार

मल्हारनं सगळे रोललाडन ओढून मला निजवलं. डोळे मिटून पडलो. मिटलेल्या डोळ्यांतही ती ताटापाशी. तासानं त्यानं विचारलं, झोपलात का. झोपलो म्हणालो. छान झोपलो.

खोटं बोललो. झोपलो नाही म्हटलं असतं, तर पोरीजवळ येऊ दिलं नसतं.

१६ जून, रात्री

मैथिलीच्या छातीत गाठ झाली, दूध अडलं. ताप चढला, दात वाजत होते. मल्हार तिला दवाखान्यात घेऊन गेला. दहा दिवसांचं पोर तिथल्या आजाऱ्यांत नको, म्हणाला. दोनदा विचारलं, बाबा, नक्की झोप झाली ना? झाली म्हटलं. पोर नुकतीच प्यायली आहे, लवकर येतो, पाळण्यातून उचलू नका, रडली तर फोन करा.

रडली.

उचलली. गप्प झाली. मांडीवर आहे. मांडीवर पोर, गुडघ्यावर वही.

पेन्सिल खाली पडली. वाकता येत नाही.

पेन ताटात आहे. मल्हारच्या खिशात होतं— ताटात आहे. घेतलं.

शेजारी कोणी बसलं. मी बघत नाही.

विचारलं, काय लिहिणार? तिनं माझ्या हातावर हात ठेवला. थंड नाही. शाळेत गुरुजी हात धरून गिरवून घ्यायचे, तसा—

चूक माझी, पोरीची नाही. सांगितलं. हात सोडत नाही.

लिहितो मग. मीच लिहितो. आयुष्य. मोठं आयुष्य

मी जागा

हात मागे घेतला. मागे घेतलेला मी पाहिला. स्वतः पाहिला—

मी जागा आहे

पान ओलसर लागतं. गरम. पेन नीट टेकत नाही, शाई उमटत नाही. जरा जोर

पान मऊ आहे. पानाच्या आत काहीतरी धडध