माझी उजवी मांडी आणि बाकीच्या वस्तू

भुलीचं इंजेक्शन उद्या सकाळी आहे, त्यामुळे आज मी पूर्ण शुद्धीवर आहे. अठरा पूर्ण झालीत. कुणी धाक दाखवून लिहून घेत नाहीये. उलट आई चहा आणायला खाली गेलीय, म्हणूनच लिहायला जमतंय.

१. उद्या माझा उजवा खुबा बदलणार आहेत. लहानपणी तापात त्यात पू झाला, तेव्हापासून झिजतच गेला. मी परत आले नाही तर माझी कात्री धाकटीला. तिने त्या कात्रीने कागद कापायचा नाही.

२. शिलाईच्या दुकानातलं माझं उंच स्टूल काजं करणाऱ्या ताईला. रोज म्हणायची, "महाराणी, जरा सिंहासन द्या की!" घे आता.

३. वर्गात मला 'बदक' म्हणणाऱ्यांना काहीच नाही. जिने चढवत नाहीत म्हणून शाळा सोडली असं सगळे समजतात. जिने चढवत होते.

४. मांडी. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. मागच्या बाजूने चिरून बसवला तर नवा खुबा निसटायची भीती थोडी जास्त, वाकताना-बसताना जपायचं. पुढच्या बाजूने केला तर ती भीती कमी, पण मांडीची बाहेरची बाजू बधिर राहू शकते. "मी दोन्ही करतो. तुम्ही ठरवा," म्हणाले. बघत माझ्याकडे होते, उत्तर आईने दिलं.

"पुढूनच करा. हिच्या आत्याचा मागून केलेला. पलंगाखालची चप्पल काढायला वाकली आणि खुबा बाहेर! अशी किंचाळली की गल्ली गोळा झाली."

"आणि हिचं काय म्हणणं?"

"हिचं काय असणार? ही बोलतेय कधी?"

सगळे हसले. मीही हसले. मग आईने बोट ठेवलं तिथे मी सही केली.

तेव्हापासून जीव गुदमरतोय. खाटेचे कठडे वर केलेत, आणि येणारा-जाणारा मला आईचंच म्हणणं पटवून जातो. तुरपाई करताना कापड मी उजव्या मांडीवर ताणून धरते. दुमड सरकली तर डोळ्यांच्या आधी मांडीला कळतं. मला येतं ते हे एकच काम. जन्मभर वाकणार नाही, चप्पल काठीने ओढेन. पण मांडी बधिर नको.

५. म्हणून हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचं नाही. उद्या मला आत न्यायच्या आधी दुकानाच्या मास्तरांनी डॉक्टरांसमोर आणि आईसमोर मोठ्याने वाचायचं. शेजारच्या खाटेवरच्या मावशी म्हणाल्या, "अगं, मृत्युपत्र जिवंतपणी वाचतात होय?"

म्हटलं, "मावशी, मेल्यावर मांडी बधिर झाली काय नि नाही काय!"

आई चिडेल. आत्याची किंकाळी तिच्या कानातून जात नाही, ते मला कळतं. पण खुबा माझा आहे. डॉक्टर, मागच्या बाजूनेच चिरा. आधीची सही रद्द समजा, ही खालची धरा.

साक्षीदार: शेजारच्या खाटेवरच्या मावशी (सही). भेटायला आलेले मास्तर (सही, वर म्हणाले, "तुझ्या आईसमोर वाचायचं? माझेच पाय लटपटतायत.")

ठिकाण: हाडांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट.
तारीख: ऑपरेशनच्या आदली संध्याकाळ.

माझी सही.

आई व्हरांड्यात आली. मास्तर, घ्या लवकर.