टोळ माझ्या वाट्याला

रविवार, दिवेलागणीला. जालना.

आजही चर्चमधे संदेष्ट्याच्या पुस्तकातला शिक्षेचा भाग मलाच. टोळ येतात, उभं शेत फस्त करतात, ते मी वाचायचं. मंग देव दया करतो, कोठारं भरतात, ते धाकट्या भावानं, सुमितनं. पाळकसाहेब म्हणतात, "तुझा आवाज दणकट आहे." घर सोडून शहागडला ढाब्यावर होतो, तिथं ट्रकवाल्यांना हाका मारून मारून झालाय तसा. पण लोकांचं आमेन सगळं सुमितला. टोळांना कोण आमेन म्हणल?

आज लई जळलो. टोळ संपले तरी थांबलोच न्हाई, कोठारांच्या दोन ओळी वाचून टाकल्या. सुमितचं बोट त्याच ओळीवर होतं, तसंच राह्यलं. एकटी आई म्हणाली, "आमेन."

घरी येताना सुमित म्हणाला, "दादा, मागितलं असतं तर दिलं असतं ना." त्याचाही राग आला. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "तू घर सोडून गेल्तास तवापासून वाट बघून राह्यले, तू त्या कोठारांच्या ओळीपर्यंत कधी येतो."

सुमितला तिनं असं कधीच म्हटलं न्हाई. तो कुठं गेलाच न्हाई ना. बरं वाटलं. बरं वाटलं याची लाजही वाटून राह्यली.